घरी सोडण्यापूर्वी बाळाचे डोळे बघा : नवजात शिशू कक्षांतल्या डॉक्टरांना आणि सिस्टरांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या नवजात शिशू कक्षांत काम करणारे बालरोगतज्ज्ञ, निवासी डॉक्टर आणि सिस्टर यांस,

सप्रेम नमस्कार.

मी अंध मुलांच्या शाळेत शिकवते. सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेलं बाळ तुम्ही हातावर घेता, आठवडेच्या आठवडे काचेत ठेवून जगवता आणि एक दिवस आईच्या ओटीत घालून घरी पाठवता. त्यांतली काही बाळं पाच-सहा वर्षांनी माझ्या वर्गात येऊन बसतात. ती धावतात, भांडतात, पाढे म्हणतात, गाणी एकदा ऐकून पाठ करतात. त्यांना दिसत नाही. आणि त्यांतल्या बहुतेकांना दिसू शकलं असतं.

ही मुलं जगली ती तुमच्यामुळे, हे मी विसरलेले नाही. म्हणून हे पत्र तक्रार म्हणून वाचू नका, मागणी म्हणून वाचा. मागणी एकच आहे : कमी दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा तपासून झाल्याशिवाय, किंवा ती तपासणी कोणत्या तारखेला, कुठे आणि कोण करणार हे पक्कं ठरल्याशिवाय, त्याला घरी सोडू नका.

आमच्या शाळेतल्या जुन्या शिक्षिका सांगतात, त्यांच्या काळी मुलं यायची ती देवीनं, गोवरानं किंवा 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावानं डोळे गेलेली. देवी गेली, गोवराची लस आली, जीवनसत्त्वाचे डोस घरोघर पोचले आणि ती मुलं कमी होत गेली. हे सगळं सरकारी आरोग्य यंत्रणेनंच करून दाखवलं. आता दाखल्याला येणाऱ्या मुलांच्या कागदांवर 'वेळेआधी जन्म' ही नोंद वरचेवर दिसते.

दाखला देताना आम्ही जन्मापासूनची कागदपत्रं बघतो. कमी दिवसांच्या मुलांच्या फायली जाडजूड असतात. जन्मवेळचं वजन, किती दिवस व्हेंटिलेटर, किती दिवस सीपॅप (नाकातून दाबानं हवा देणारं यंत्र), कोणती प्रतिजैविकं, किती वेळा रक्त दिलं, कावीळ किती चढली, रोजचं वजन ग्रॅममध्ये. या नोंदी वाचताना कुणीतरी त्या बाळासाठी किती रात्री जागून काढल्यात ते कळतं. मग शेवटचं पान येतं. काही फायलींत डोळ्यांचा उल्लेखच नसतो. काहींत असतो तो एका ओळीत, इंग्रजीत, आद्याक्षरांत : आरओपी तपासणीचा सल्ला दिला. तारीख नाही, पत्ता नाही, नाही गेलं तर काय होईल हे तर नाहीच.

एका आईनं तीच ओळ मला दाखवून विचारलं होतं, "बाई, हे काय लिहिलंय?" मुलगी तेव्हा शाळेत घालण्याएवढी मोठी झाली होती. मी वाचून अर्थ सांगितला आणि ती बराच वेळ काही बोललीच नाही. लेकीच्या वजनाचा प्रत्येक आकडा तिला पाठ होता. कक्षातून निघताना सिस्टरनी सांगितलेलं सगळं तिनं केलं होतं : बाळ छातीशी धरून उबेत ठेवायचं, दर दोन तासांनी वाटी-चमच्यानं दूध पाजायचं, हात धुतल्याशिवाय कुणाच्या हाती द्यायचं नाही. तिनं डोळ्यांचंही केलं असतं. तिला कुणी ते तिच्या भाषेत सांगितलं नव्हतं, एवढंच.

तुम्हाला पुढचं ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण हे पत्र पालकही वाचतील. पोटातल्या बाळाच्या डोळ्यात, मागच्या पडद्यावर, रक्तवाहिन्या साधारण सोळाव्या आठवड्यापासून वाढायला लागतात. मधून कडेकडे सरकत त्या नाकाच्या बाजूला छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास आणि कानाच्या बाजूला चाळिसाव्या आठवड्याच्या सुमारास पोचतात. बाळ तिसाव्या आठवड्यात जन्मलं तर हे काम अर्धवट राहिलेलं असतं. पोटात त्याला ऑक्सिजन बेताचाच मिळत होता. बाहेर आल्यावर, विशेषतः नळीतून गरजेपेक्षा जास्त मिळाला तर, वाहिन्यांची वाढ थबकते. पुढे रक्त न पोचलेला पडद्याचा भाग उपाशी राहतो आणि नव्या वाहिन्या वाढवणारं द्रव्य भरमसाट सोडू लागतो. मग ज्या वाहिन्या फुटतात त्या वेड्यावाकड्या आणि कच्च्या असतात. त्यांतून रक्त पाझरतं, व्रण धरतो, तो आक्रसतो आणि पडद्याला ओढून डोळ्याच्या भिंतीपासून सोडवतो. या आजाराचं नाव रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी, म्हणजे फायलीतली ती तीन अक्षरं. पाचव्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यात पडदा पूर्ण सुटतो, आणि मग शस्त्रक्रिया करूनही कामापुरती नजर क्वचितच मिळते.

हे सगळं घडत असताना बाळाचे डोळे बाहेरून नितळ दिसतात. लाली नाही, पाणी नाही, दुखणं नाही. आई बघते तर डोळे टपोरे आणि सुंदर. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाळ नजर लावत नाही असं कुणाच्या तरी लक्षात येतं. मग घरातलं मोठं माणूस म्हणतं, "दिवस भरले नव्हते ना, सगळंच उशिरानं करतंय." त्या म्हणण्यात काही चूक नाही, कमी दिवसांची बाळं बरंचसं उशिरानंच करतात. पण डोळ्यांच्या बाबतीत तोवर वेळ निघून गेलेली असते. बुबुळाच्या मागे पांढरं दिसू लागतं तेव्हा पालक धावत मोठ्या शहरात जातात, एका दवाखान्यातून दुसऱ्या, जमीन गहाण ठेवून तिसऱ्या. तिथले डॉक्टर त्यांना विचारतात, "महिन्याचं असताना का आणलं नाही?" या प्रश्नाला ते काय उत्तर देणार?

वेळेत सापडलं तर उपचार आहे आणि तो चांगला आहे. पडद्याच्या उपाशी भागावर लेसर देतात किंवा डोळ्यात इंजेक्शन देतात, आणि बहुतेक डोळे वाचतात. आपल्या देशाचे निकषही ठरलेले आहेत. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं प्रत्येक बाळ तपासायचं. ३४ ते ३६ आठवड्यांचं असलं आणि ऑक्सिजन, जंतुसंसर्ग, रक्त देणं असं काही झालेलं असलं, तर तेही. पहिली तपासणी वयाचे ३० दिवस व्हायच्या आत. २८ आठवड्यांआधीच्या किंवा १२०० ग्रॅमहून कमी वजनाच्या बाळांची दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. उपचार लागणार असं ठरलं की ४८ ते ७२ तासांत तो व्हायला हवा.

आणि एकदा बघून भागत नाही. वाहिन्या कडेपर्यंत पोचेतो दर आठवड्या-पंधरवड्यानं पुन्हा बघावं लागतं. माझ्याकडे अशीही मुलं आहेत ज्यांची पहिली तपासणी वेळेत झाली होती. "आत्ता ठीक आहे" हे ऐकून घरच्यांना सुटल्यासारखं झालं आणि ते पुन्हा गेले नाहीत. "आत्ता ठीक आहे, पण धोका टळलेला नाही, पुढच्या मंगळवारी परत यायचंच" असं पूर्ण वाक्य त्यांच्या कानावर पडायला हवं होतं.

परदेशातले निकष आपल्याकडे वापरू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. अमेरिकेत १५०० ग्रॅम किंवा ३० आठवडे ही सीमा धरतात. तिथे त्याहून मोठ्या बाळांना हा आजार क्वचित अंध करतो. आपल्याकडे तसं नाही. ऑक्सिजन मोजून न मिळणं, जंतुसंसर्ग, जन्मानंतर वजन न वाढणं यांमुळे आपल्याकडची मोठी बाळंही यात सापडतात. माझ्या वर्गातली काही मुलं जन्मली तेव्हा दीड किलोच्या वर होती. "वजन चांगलं आहे, याला काही होत नाही" असं त्यांच्या घरच्यांना सांगितलं गेलं होतं.

ऑक्सिजनबद्दल मला सिस्टरांशी बोलायचं आहे, कारण नॉबवर हात तुमचा असतो. बॉस्टनमध्ये १९४२ साली डॉ. टेरी यांनी हा आजार पहिल्यांदा नोंदवला. त्या काळी श्रीमंत देशांतली प्रसूतिगृहं अभिमानानं भरपूर ऑक्सिजन देत होती आणि जितकं रुग्णालय साधनसंपन्न तितकी तिथली बाळं जास्त अंध होत होती. १९५१ साली मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी बोट ऑक्सिजनकडे दाखवलं, पुढे अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासानं ते खरं ठरवलं. तोवर जगभरात सुमारे १०,००० मुलांची दृष्टी गेली होती. मग ऑक्सिजन इतका कमी केला गेला की बाळं दगावू लागली. या दोन्ही टोकांनी शिकवलं ते असं की ऑक्सिजन हे औषध आहे आणि त्याचा डोस मोजायचा असतो. आज कमी दिवसांच्या बाळासाठी रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण ९० ते ९५ टक्के ठेवावं असं मानतात. बाळ ऑक्सिजनवर असताना मॉनिटरवर ९९ किंवा १०० दिसणं ही चांगली खूण नाही. तुम्हाला ते माहीत आहे. पण एका सिस्टरकडे आठ-दहा बाळं असतात, शेजारच्या पेटीतलं बाळ श्वास विसरलेलं असतं, आणि वरच्या मर्यादेचा अलार्म बंद करून ठेवणं सोपं जातं. तो बंद करू नका. हवा आणि ऑक्सिजन मिसळून देणारा ब्लेंडर नसेल तर तो मागा, लेखी मागा, पुन्हा पुन्हा मागा. तालुक्याहून जिल्ह्याला नेताना रुग्णवाहिकेत सिलिंडरचा शुद्ध ऑक्सिजन तासभर नाकावर राहतो, तिथेही कुणीतरी ऑक्सिजन मोजायचा प्रोब लावून बघायला हवं.

आईच्या दुधाचंही तसंच. ते आतडी सडण्याच्या आजारापासून वाचवतं हे सगळे सांगतात. ते मिळालेल्या बाळांत डोळ्यांचा हा आजारही कमी आढळतो. आशियातली पहिली मानवी दूधपेढी १९८९ साली मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकारानं उभी राहिली, ही आपल्या राज्याची कमाई आहे.

आता ३० दिवसांच्या त्या मुदतीबद्दल. कागदावर ती सोपी वाटते. घरात ती कुठे येऊन पडते ते बघा. आपल्याकडे बाळ-बाळंतिणीला सव्वा महिना उंबरठ्याबाहेर काढत नाहीत. महिना व्हायच्या आत एवढ्याशा जिवाला एसटीनं जिल्ह्याला न्यायचं, डोळ्यांत औषध घालून घ्यायचं, याला घरातली आजी तयार होत नाही, आणि तिच्या दृष्टीनं ते काळजीपोटीच असतं. त्यातून पहिलं बाळंतपण माहेरी. दवाखान्यात पत्ता लिहिला जातो सासरचा, फोन नंबर नवऱ्याचा, तो कामाला दुसऱ्या गावी. सासरच्या आशाताईंना बाळ दिसत नाही आणि माहेरच्या आशाताईंच्या वहीत त्याचं नाव नसतं. आणि बीडकडची बाई असेल तर तिचं काय होतं? दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन जोडपी ऊसतोडीला साखर कारखान्यांकडे निघतात, कोल्हापूर-सांगलीकडे, कर्नाटकात, आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परततात. ऑक्टोबरमध्ये कमी दिवसांचं बाळ झालेल्या ऊसतोड बाईला "महिन्यानं डोळे दाखवायला या" असं सांगणं म्हणजे न सांगण्यासारखंच आहे. महिन्यानं ती फडात असते.

म्हणून माझा आग्रह आहे की जे बाळ महिनाभर कक्षातच आहे त्याची पहिली तपासणी पेटीजवळच करा. नेत्रतज्ज्ञांना बोलवा, बाळाला हलवू नका. जे त्याआधी घरी जाणार आहे त्याच्यासाठी, सोडायच्या दिवशी, तारीख आणि ठिकाण ठरवून कार्डावर मराठीत, ठळक अक्षरांत लिहा. आई कुठे राहणार आहे ते तिलाच विचारा, फॉर्मवरचा पत्ता उतरवू नका. ती ज्या गावी जाणार तिथल्या आशाताईंना त्याच दिवशी कळवा. आणि सांगताना आजीला जवळ बोलवा. निर्णय तिचा असतो. "सव्वा महिना पाळा, पण ही एक तारीख त्यात सोडा, नाहीतर बाळाची नजर जाईल" असं तोंडावर सांगितलं तर न ऐकणारी आजी मला तरी भेटलेली नाही.

आशाताईंची जोड इथे फार मोलाची आहे. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत आपल्याच गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेच्या कामातून उभी राहिली. ३९ गावांत, गावातल्याच बायकांना शिकवून, त्यांनी नवजात बालमृत्यू निम्म्याहून जास्त कमी करून दाखवले. त्यावरूनच आज देशभर आशाताई बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. अठ्ठाविसावा दिवस बघा. डोळ्यांची मुदत संपायच्या दोन दिवस आधी यंत्रणेचं माणूस बाळाच्या घरात बसलेलं असतं. त्यांच्या तपासणी-कागदावर एक प्रश्न वाढवा : बाळ कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं आहे का, आणि असल्यास डोळे तपासले का? उत्तर 'नाही' आलं तर गाडी त्याच दिवशी ठरवायची. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी अर्भकाला मोफत ने-आण आहेच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमानं ज्या ३० आजारांची जबाबदारी घेतली आहे त्यांत हा आजार नावानिशी आहे. म्हणजे आदेश आहे, गाडी आहे, माणूस आहे. ती साखळी जोडून देणारी एक सही डिस्चार्जच्या टेबलावर राहून जाते.

"पडदा तपासणारे डॉक्टर आमच्या जिल्ह्यात नाहीत" हे उत्तर मी ऐकलं आहे आणि ते खोटं नाही. इतक्या लहान बाळाचा डोळा बघता येणारे तज्ज्ञ देशातच थोडे आहेत. पण शेजारच्या कर्नाटकानं यातून वाट काढली. बंगळुरूच्या नारायण नेत्रालयाचे डॉ. आनंद विनेकर यांनी २००८ च्या सुमारास सुरू केलेल्या उपक्रमात प्रशिक्षित तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन ठरलेल्या वारी जिल्ह्याजिल्ह्यांतल्या नवजात कक्षांत जातात, पडद्याचे फोटो काढतात आणि दूर बसलेले तज्ज्ञ ते बघून त्याच दिवशी सांगतात की कोणाला उपचार लागणार. तंत्रज्ञ डॉक्टर नसतात, त्यांना हे एक काम नीट शिकवलेलं असतं. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कोकण अशा एकेका पट्ट्यासाठी एक कॅमेरा आणि एक फिरतं पथक महाराष्ट्राला परवडत नाही, हे मी मान्य करणार नाही. आरोग्य खात्यातलं कुणी हे वाचत असेल तर त्यांनी एवढं वाक्य तरी वरिष्ठांच्या टेबलावर ठेवावं.

तपासणीला पालक घाबरतात, म्हणून तीही थोडक्यात सांगते. बाहुली मोठी करणारे थेंब घालतात, डोळा सुन्न करणारा थेंब घालतात, पापण्या एका छोट्या चिमट्यानं उघड्या ठेवतात आणि भिंगातून किंवा कॅमेऱ्यानं पडदा बघतात. काही मिनिटांत होतं. बाळ रडतं. गुंडाळून धरलं, जिभेवर साखरपाण्याचा किंवा आईच्या दुधाचा थेंब दिला की लवकर शांत होतं. आधी तासभर पाजू नये, उलटी होऊ शकते. हे आईला आधी सांगितलं तर ती उपाशी बाळ घेऊन ताटकळत बसत नाही आणि मध्येच उठून निघूनही जात नाही.

खासगी नर्सिंग होमच्या डॉक्टरांना वेगळं सांगायचं आहे. जुळी-तिळी, वंध्यत्वाच्या उपचारानंतर राहिलेल्या गर्भातली, वेळेआधी आलेली बाळं तुमच्याकडे खूप असतात. एका गावातल्या चार-पाच नर्सिंग होमनी मिळून आठवड्यातला एक वार ठरवला आणि नेत्रतज्ज्ञांना एकत्र बोलावलं तर कुणावरच फार भार पडत नाही. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयानं एका निकालात सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई द्यायला लावली, ती तुमच्यातल्या अनेकांना आठवत असेल. मुलगी चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात १९९६ साली २९ व्या आठवड्यात जन्मली होती, वजन १२५० ग्रॅम. घरी सोडताना डोळ्यांबद्दल कुणी सांगितलं नाही आणि दोन्ही डोळे गेले. निकाल यायला तिच्या वयाची जवळजवळ एकोणीस वर्षं गेली. त्या निकालानंतर बऱ्याच ठिकाणी फायलीत ती इंग्रजी ओळ येऊ लागली असं मला वाटतं. ती कोर्टासाठी लिहिली जाते. मी ज्या ओळीची मागणी करते आहे ती आईसाठी आहे.

भारतात २०२० साली सुमारे ३० लाख बाळं ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत जन्मली. जगातल्या अशा १ कोटी ३४ लाख बाळांमध्ये पाचातलं एक आपलं. पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूंत सगळ्यात मोठं कारण वेळेआधीच्या जन्मातल्या गुंतागुंती हेच आहे. या बाळांपुढे फक्त डोळ्यांचा धोका नसतो. फुप्फुसं कच्ची, मेंदूत रक्तस्राव, जंतुसंसर्ग, साखर उतरणं, कावीळ, पुढे ऐकू न येणं, स्नायू ताठरणं. त्यांतल्या पुष्कळ गोष्टींवर तुमचाही इलाज चालत नाही. माझ्या वर्गात न दिसणारी आणि त्याबरोबर कमी ऐकू येणारी मुलं आहेत, हात-पाय ताठर असलेली आहेत. त्यांना ब्रेलचे ठिपके बोटांनी ओळखता यावेत म्हणून आधी ती बोटं उघडायला शिकवावी लागतात. मी डोळ्यांवरच अडून बसले आहे ते यासाठी, की या यादीतलं हे नुकसान तारीख पाळून टाळता येतं. आणि चौथ्या आठवड्याला बाळ डोळ्यांसाठी परत आलं, की त्याच भेटीत कान तपासता येतात, डोक्याचा घेर मोजता येतो, वजन वाढतंय का बघता येतं, लोहाचे थेंब सुरू आहेत का विचारता येतं. त्या एका तारखेनं बाकीचंही बरंच हाती लागतं.

ज्यांचे डोळे वाचले त्यांनाही सोडून देऊ नका. लेसर झालेल्या मुलांना पुढे मोठ्या नंबरचा चष्मा लागू शकतो, तिरळेपणा येऊ शकतो. शाळेत घालेपर्यंत दर वर्षी तपासणी लागते.

आणि ज्यांचे वाचले नाहीत त्यांच्याबद्दल. हा भाग माझ्या कामाचा आहे, म्हणून जरा थांबून सांगते. पडदा सुटला हे कळल्यावर पालकांना सांगितलं जातं, "आता काही करता येणार नाही." डोळ्यांपुरतं ते खरं असेल. पण ते वाक्य ऐकून आईबाप घरी जातात आणि बाळाला पाळण्यात ठेवून देतात. दिसणारं बाळ खुळखुळा बघून हात पुढे करतं. न दिसणाऱ्या बाळाला आवाजाच्या मागे वस्तू असते हे कुणीतरी त्याचा हात धरून दाखवावं लागतं. नाही दाखवलं तर ते हात पुढे करत नाही, रांगत नाही, उशिरा चालतं. मुठी डोळ्यांत दाबत बसतं, कारण दाबल्यावर आत काहीतरी चमकल्यासारखं होतं, आणि वर्षानुवर्षं दाबून डोळे खोल जातात. सहा वर्षांचं असं मूल माझ्याकडे येतं तेव्हा त्याची बुद्धी शाबूत असते आणि हात एखाद्या तान्ह्याचे असतात. तेच मूल सहा महिन्यांचं असताना आलं असतं तर आम्ही आईला शिकवलं असतं : बोलत बोलत जवळ जा, उचलण्याआधी खांद्याला हात लाव, भाकरीचं पीठ, गहू, पाणी, माती यांत त्याचे हात घाल, पालथं घाल, आवाजाकडे सरकू दे. जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं यासाठीच आहेत. म्हणून दृष्टी गेल्याचं सांगाल त्याच वेळी पुढचा पत्ताही हातात द्या.

माझी मुलं बिचारी नाहीत. त्यांच्यातली कुणी मॅट्रिकला पहिल्या वर्गात येतात, कुणी तबला असा वाजवतात की सगळी शाळा थांबून ऐकते, कुणी बँकेत नोकरीला लागलेत. अंध माणसाचं आयुष्य उणं आहे असं मी कधी म्हणणार नाही आणि कुणी म्हटलं तर ऐकून घेणार नाही. पण जे आंधळेपण एका तारखेच्या अभावी आलं, त्याच्याशी समजूत घालून घेणं मला जमत नाही, आणि तुम्हालाही जमू नये.

१७ नोव्हेंबरला जागतिक मुदतपूर्व जन्म दिन असतो. तुमच्यातल्या अनेक कक्षांत त्या दिवशी घरी गेलेल्या बाळांना परत बोलावतात, जन्मवेळचं आणि आत्ताचं वजन लिहिलेल्या पाट्या धरून फोटो काढतात. तो आनंद तुमच्या हक्काचा आहे, तो जरूर साजरा करा. माझी विनंती अशी की त्या आठवड्यात गेल्या तीन महिन्यांचं डिस्चार्ज रजिस्टर काढून बसा. ३४ आठवड्यांखालची आणि २००० ग्रॅमखालची नावं वेगळी काढा. प्रत्येक नावापुढे डोळ्यांच्या तपासणीची नोंद आहे का बघा. जिथे नाही तिथे त्याच दिवशी फोन लावा. नंबर लागला नाही तर त्या गावच्या आरोग्य उपकेंद्राला लावा. यादीतल्या दोन महिन्यांच्या आतल्या बाळांपासून सुरुवात करा, कारण त्यांच्यातल्या अनेकांसाठी अजून उशीर झालेला नाही.

आपली,
अंध मुलांच्या शाळेतली एक शिक्षिका